पैसे पोराच्या मुठीत द्या

मागच्या दिवाळीतली गोष्ट. बेळगावच्या गणपत गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला पणत्या आणि रांगोळीचे रंग, दुसऱ्या बाजूला किल्ल्यावरचे मावळे मांडून बसलेल्या बायका, आणि मधून हॉर्न वाजवत घुसणारे दुचाकीवाले. भाचीचा हात घट्ट धरून मी त्यातनं वाट काढली आणि जवळच्याच एका गल्लीतल्या खेळण्यांच्या दुकानात शिरलो. दुकान म्हणजे दहा बाय बाराचा गाळा. दुकानदार काकांनी टोकाला आकडा लावलेल्या काठीनं वरच्या फळीवरचा खोका खाली घेतला, आतली रिमोटची गाडी काढली, ड्रॉवरमधले स्वतःचे सेल घातले आणि काउंटरवरच फिरवून दाखवली. किंमत साडेचारशे. माझा हात सवयीनं खिशाकडं गेला. त्यांच्यासमोर उभं राहून मी मोबाइलवर तीच गाडी शोधली. ३८९.

काका माझ्या अंगठ्याकडं बघत होते. "बघा की," ते म्हणाले, "आम्ही पण रोज बघतोय. मला ही होलसेलातच ३९५ ला पडलीय. खरं, काय करतंय आता?"

गाडी घेतली. लाजेनं घेतली म्हटलं तरी चालेल. आणि पुढच्याच महिन्यात दुसऱ्या भाच्याच्या वाढदिवसाला रात्री अकरा वाजता अंथरुणात पडल्या पडल्या मोबाइलवरनं ऑर्डरही टाकली. तेव्हा पुढं जे लिहितोय ते काही सोवळं नेसून लिहीत नाही.

दिवाळी जवळ आली की व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरायला लागतो. छोट्या दुकानदाराकडून घ्या, त्याच्या घरी पण दिवाळी असते, वगैरे. खाली हात जोडलेली दोन चित्रं. मला तो वाचवत नाही. कीव करून ज्याच्याकडं जातो, त्याच्याकडं आपण वर्षातनं एकदाच जातो आणि वर पुण्य केल्यासारखे घरी येतो. काकांना माझी कीव नको होती. त्यांना त्या गाडीमागं ५५ रुपये सुटायला हवे होते. त्यातनंच गाळ्याचं भाडं, पोऱ्याचा पगार, लाइटचं बिल आणि गल्लीतल्या गणपतीची वर्गणी जाते. (वर्गणी मागायला पोरं दुकानात जातात, ॲपकडं कुणी पावतीपुस्तक घेऊन जात नाही, हे मंडळांच्या कार्यकर्त्यांनी एकदा मनाशी मोजून बघावं.)

किराणा, कापड, भांडी यांच्या बाबतीत काय करायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. साबणाची वडी कुठनं आली यानं साबणाला फरक पडत नाही. खेळण्यांच्या दुकानाचं तसं नाही, कारण तिथलं खरं गिऱ्हाईक मूल असतं. मोबाइलवर खेळणं आपण घेतो, पोरासाठी घेतो, आणि पोराला फक्त खोका फोडायचं काम उरतं. दुकानात पोर स्वतः घेतं. हा फरक मला ६१ रुपयांपेक्षा मोठा वाटतो.

त्याच दिवशीचं सांगतो. गाडी माझ्याकडून झाली, पण भाचीच्या मुठीत आजीनं दिलेली दोनशेची नोट होती, आठ घड्या घातलेली. ती तिची. काउंटरच्या खाली, बरोबर मुलांच्या उंचीवर, काकांनी दहापासून शंभर-सव्वाशेपर्यंतच्या वस्तू प्लॅस्टिकच्या टोपल्यांत ठेवल्या आहेत. ती तिथं उकिडवी बसली ती पंचवीस मिनिटं उठली नाही. आधी भोवरा घेतला, तो ठेवून साबणाच्या फुग्यांची बाटली घेतली, ती ठेवून चित्रांचे पत्ते. प्रत्येक वेळी मान वर करून "हे कितीला?" १२० चं एक आणि ७० चं एक ठरलं. "दहा राहिले. दहाचं काय येतंय?" काकांनी गोट्यांची बरणी पुढं सरकवली. तिनं एक उडणारा भिरभिरा पण हातात घेतला होता. काका म्हणाले, "ते नको घेऊ बाळ, त्याची दोरी दोन दिवसांत तुटते. दुसरं घे."

स्वतःच्या दुकानातला माल घेऊ नको असं सांगणारा माणूस. मोबाइलवर असं वाक्य कुठं येतं का बघा. तिथं "हे घेणाऱ्यांनी हेही घेतलं" एवढंच येतं. त्या पंचवीस मिनिटांत माझी भाची बेरीज-वजाबाकी शिकली असं मी म्हणणार नाही, ती शाळेत शिकवतात. एक घेतलं तर दुसरं सोडावं लागतं, आणि सोडलेलं परत टोपलीत आपल्याच हातानं ठेवावं लागतं, हे तिला तिथं कळलं. भिरभिरा ठेवताना तिनं दोनदा मागं वळून बघितलं.

उलट बाजूचीही एक हकीकत घरातलीच आहे. बहीण खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अंगाला राहते. तिनं पोरीसाठी भातुकलीचा संच मागवला. फोटोत कढई, तवा, शेगडी अशी की त्यावर भाकरी थापावी. आला तो तळहातावर मावणारा. लांबी-रुंदी खाली बारीक अक्षरात लिहिली होती म्हणे, आणि ती सेंटीमीटरमध्ये. परत करायचा तर न्यायला माणूस येईना. दोनदा तारीख पडली, दोनदा "ग्राहक घरी उपलब्ध नाही" असा मेसेज आला, आणि बहीण दारातच बसलेली. शेवटी तिनं नाद सोडला. घाऊक भाव पाडायची ताकद असलेल्याला आमच्या जंगलपट्ट्यातल्या गावापर्यंत एक माणूस पाठवणं परवडत नाही. त्याचंही हिशेबानं बरोबरच असेल.

आता आमच्या भागाची अडचण. इथं "आपल्या माणसाच्या दुकानातनं घ्या" म्हटलं की ऐकणारा लगेच कान टवकारतो. आपला म्हणजे कुठला? १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठी बोलणारं बेळगाव आजच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासून या एका शब्दावर आम्ही इतकं काही सोसलंय की तो साधेपणानं वापरताच येत नाही. २०२४ साली कर्नाटकात कायद्यात दुरुस्ती होऊन दुकानाच्या पाटीचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये असणं सक्तीचं झालं, तेव्हा पाट्या रंगवणाऱ्यांची तेवढी दिवाळी झाली. त्याच वर्षी लक्ष्मीपूजन नेमकं १ नोव्हेंबरला आलं. म्हणजे एकाच दिवशी आमचा काळा दिन, त्यांचा राज्योत्सव आणि सगळ्यांची लक्ष्मी.

मराठी माणसानं मराठी दुकानातच खेळणी घ्यावीत असं कुणी या लेखातनं काढू नये. आमच्या भाषेच्या मागण्या माझ्याही आहेत आणि त्या मी दुसरीकडं मांडतो, पोराच्या भोवऱ्यात गुंडाळून नाही. काकांच्या दुकानात अर्धा तास उभं राहिलात तर दिसेल. माझ्याशी मराठी, बैलहोंगलकडनं आलेल्या बाईंशी कन्नड, बुरखेवाल्या आजींशी उर्दू, आणि कॅम्पातल्या पोरांशी मोडकंतोडकं इंग्रजी. पोरं कुठल्याच भाषेत बोलत नाहीत, बोट दाखवतात.

शिवाय हा बाजार नकाशावर भागतच नाही. शिनोळी, तुडये, चंदगड ही गावं महाराष्ट्रात, पण त्यांची खरेदी बेळगावात. कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला, पलीकडं महाराष्ट्रात दिवाळीला, त्यामुळं काकांना दोन सीझन मिळतात. आधी इथली पोरं येतात, मग मामाच्या गावाला आलेली तिकडची. सीमेवर काही पेटलं आणि दोन्ही राज्यांच्या एसट्या थांबल्या, की दुसऱ्या दिवशी काउंटरवर ते कळतं. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, बस बंद झाल्या. त्या आठवड्यात चंदगडकडचं गिऱ्हाईक कुठनं येणार? मोबाइलवरचा बाजार मात्र असल्या दिवशी जोरात चालतो. दगडाला भिऊन घरात बसलेल्या माणसालाही ऑर्डर टाकता येते.

"मग दुकानदारानं पण ऑनलाइन जावं," हा सल्ला देणारे खूप भेटतात. पुण्या-बेंगळुरात नोकरी करणारे पुतणे तर हमखास देतात. त्यांनी जीएसटीचा कायदा एकदा वाचावा. वर्षाला दीड कोटीच्या आत उलाढाल असलेल्या लहान व्यापाऱ्याला कंपोझिशन नावाची सोय आहे. एक टक्का कर भरायचा, कागदपत्रं कमी. बरेच छोटे दुकानदार हिशेबनिसाच्या सांगण्यावरनं त्यातच असतात. ऑक्टोबर २०२३ पासून त्या सोयीत राहून ई-कॉमर्सच्या मंचावरनं माल विकता येतो, पण राज्यातल्या राज्यातच. राज्याबाहेर माल पाठवता येत नाही. आता हे बेळगावात बसून वाचा. शिनोळीचा माणूस दुकानात येऊन भोवरा घेऊन गेला तर ठीक. तोच भोवरा काकांनी शिनोळीला पार्सल केला तर तो आंतरराज्य व्यापार. आमच्या इथनं शिनोळीला शेअर रिक्षानं जातात हो!

दुसऱ्या बाजूला, परदेशी भांडवलावर चालणाऱ्या ई-कॉमर्स कंपन्यांनी स्वतःचा साठा करून विकू नये, फक्त विक्रेत्याला जागा द्यावी आणि किमतीवर प्रभाव टाकू नये, असा केंद्र सरकारचा नियम आहे, फेब्रुवारी २०१९ पासून आणखी कडक केलेला. नियम कागदावर छान आहे. सणाच्या सेलमध्ये घाऊक दरापेक्षाही खाली जाणारी किंमत मग नक्की कोण ठरवतं, हे विचारायचं काम व्यापारी संघटना करतात, आणि ग्राहक म्हणून आपण ते विचारत नाही कारण स्वस्त मिळतंय.

आणि तपासणीचा जाच कुणाच्या वाट्याला येतो तेही बघा. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्यानं यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून हजारो छोट्या विक्रेत्यांना नोटिसा काढल्या. भाजीवाले, चहावाले, बेकरीवाले, कुणीही सुटलं नाही. वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांवर नोंदणी लागते हे खरं, पण खात्यात आलेला प्रत्येक रुपया धंद्याचाच धरल्यावर कुणाचीही झोप उडेल. दुकानादुकानांत "फक्त रोख" अशा चिठ्ठ्या लागल्या. नंतर सरकारनं जुनी वसुली करणार नाही असं सांगितलं, पण चिठ्ठीचा डिंक काही ठिकाणी अजून दिसतो. आणि रोख नाही म्हणून मागं फिरलेलं गिऱ्हाईक कुठं गेलं ते सांगायला नको.

एवढं झाल्यावर दुकानदारांचं पण बोलायला हवं, नाहीतर मी त्यांचा वकील ठरेन.

पहिली गोष्ट, "हात लावू नको!" खेळण्याच्या दुकानात पोराला हात लावू न देणारे दुकानदार बेळगावात ढिगानं आहेत. सगळं काचेआड, वर प्लॅस्टिकचा कागद, आणि पोरानं बोट लावलं की आईकडं रागानं बघणं. मग मोबाइलवरचा फोटो काय वाईट? तिथंही हात लावता येत नाही, पण निदान कुणी डोळे वटारत नाही. काकांच्या दुकानातल्या त्या खालच्या टोपल्या म्हणजे त्यांचं सगळं भांडवल आहे, असं मला वाटतं.

दुसरी, सुरक्षिततेची. १ जानेवारी २०२१ पासून देशात चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. खोक्यावर चिन्ह, त्याखाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक, आणि तो खरा की खोटा हे बीआयएस केअर नावाच्या ॲपवर कुणालाही तपासता येतं. सुटा माल, पोत्यातनं येणारी बाहुली, उग्र वासाचं प्लॅस्टिक, नखानं निघणारा रंग असलं बरंच काही गल्लीतल्या दुकानांत अजून विकलं जातं. "चालतंय ओ, लहानपणी आपण काय काय तोंडात घातलं" हे उत्तर मी स्वतः ऐकलंय. ते चालत नाही. बटण सेलचं झाकण बोटानं उघडत असेल तर तीन वर्षांच्या पोराच्या हातात ते खेळणं जाता कामा नये. अर्थात चिन्ह नसलेली खेळणी विकल्याबद्दल बड्या ऑनलाइन बाजारपेठांनाही जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोटिसा गेल्या होत्या, तेव्हा ब्रँडेड खोक्यावर डोळे मिटून भरवसा टाकायचंही कारण नाही. फरक इतकाच, की काकांना मी खोका उलटा करून विचारू शकतो. विचारलं. तीन खोक्यांपैकी एकावर चिन्ह नव्हतं. काका ओशाळले आणि तो त्यांनी काउंटरखाली सारला. परत वर ठेवला असेल का? असेलही. पुन्हा जाईन तेव्हा पुन्हा उलटा करून बघेन.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जास्त डाचते. आपण "स्थानिक" म्हणतो, पण त्या गाळ्यात स्थानिक काय असतं? माल दिल्लीच्या सदर बाजारातला नाहीतर मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटकडचा. २०२० मध्ये आयात शुल्क २० वरनं ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के केल्यावर चिनी खोके कमी झाले, पण त्यांची जागा देशातल्याच दुसऱ्या प्लॅस्टिकनं घेतली. आणि आमच्याच जिल्ह्यात गोकाकला जिनगरांच्या घराण्यांनी हलक्या लाकडाची फळं, प्राणी, माणसं करायची कला पिढ्यान्‌पिढ्या जपलीय. गोकाकचा करदंट बेळगावच्या प्रत्येक स्वीट मार्टात मिळतो. गोकाकचं लाकडी सीताफळ मात्र एका खेळण्याच्या दुकानात मला दिसलेलं नाही. आंबोली उतरलं की सावंतवाडीची चितारआळी, तिथली लाकडी भातुकली आपण गोव्याला जाता-येता फोटो काढून सोडून देतो. खानापूरची माती तर कुंभारकामासाठी नावाजलेली, तिथं खादी-ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्था आहे. जून उजाडला, कर्नाटकी बेंदूर आणि मातीच्या बैलांची अमावस्या आली, की चार दिवस बाजारात बैलजोड्या दिसतात. मग वर्षभर नावालाही नाहीत.

काकांना मी हे विचारलं. म्हणाले, "कोण घेतंय ओ? पोरं लाइट लागते का विचारतात." यात तथ्य आहे. गोकाकची फळं शोकेसमध्ये ठेवायची, त्याच्याशी पोर खेळेल असं नाही. पण चन्नपट्टणचे भोवरे, खडखडे, ढकलगाड्या खेळायच्याच असतात, आणि त्या याच राज्यातल्या आहेत. हस्तकला आयुक्तांकडं नोंदलेल्या कारागिरांना आणि जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना आयएसआयच्या सक्तीतनं सूट आहे, म्हणजे कायद्याचीही आडकाठी नाही. एक टोपली, फक्त एक, काउंटरखाली मुलांच्या उंचीवर ठेवून बघा असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. होय म्हणून की बघू म्हणून ते बेळगावच्या माणसाला सांगायला नको.

ग्राहक म्हणून आपल्या हातात काय आहे? फार मोठं काही नाही. सगळी खेळणी दुकानातनंच घ्यावीत असा माझा आग्रह नाही, दुर्मिळ कोडी किंवा विज्ञानाचे संच आमच्याकडं मिळतच नाहीत, ते मागवावेच लागतात. पण सणाला घरातल्या प्रत्येक पोराच्या मुठीत त्याची नोट द्यावी, दुकानात न्यावं आणि आपण गप्प बसावं. मोबाइल खिशात. पंचवीस मिनिटं उभं राहायचा कंटाळा येतो, मला पण आला. मोठ्या खरेद्यांचं तर त्याहून सोपं आहे. डिसेंबरात शाळांची गॅदरिंगं असतात, पन्नास-शंभर बक्षिसं लागतात. तरुण मंडळं दिवाळीत किल्ल्यांच्या स्पर्धा घेतात, त्यांची बक्षिसं असतात. ही यादी घेऊन एखादा मुख्याध्यापक किंवा मंडळाचा अध्यक्ष गल्लीतल्या दुकानात गेला तर एका पावतीत दुकानदाराचा महिना निघतो, आणि घासाघीस करून भावही बरा मिळतो. कॅम्पात ३१ डिसेंबरला जाळायचे ओल्डमॅन, म्हणजे सरत्या वर्षाचे पुतळे, रस्त्याकडेला मांडतात ते आपण घासाघीस करून तिथंच घेतो ना? ओल्डमॅन कुणी मोबाइलवरनं मागवल्याचं ऐकिवात नाही.

तर ती रिमोटची गाडी. तीन आठवड्यांत मागचं चाक निखळलं. भाची रडत होती, मेहुणे म्हणाले फेकून दे. मी ती घेऊन काकांकडं गेलो. त्यांच्याकडं बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा आहे. मेलेल्या गाड्यांची चाकं, रिमोटची झाकणं, स्प्रिंगा, बारीक स्क्रू, एका बाहुलीचा हात असं सगळं त्यात. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पाच मिनिटं डबा उपसला आणि चाक शोधलं. निळं होतं, गाडी लाल. बसवलं, फिरवून बघितलं, पैसे घेतले नाहीत. भाचीला ते निळं चाक मूळच्यापेक्षा जास्त आवडलं. गल्लीत तसली गाडी दुसऱ्या कुणाची नाही.

यंदा गणपती झाले आणि मी त्यांच्याकडं सहज डोकावलो. वरच्या फळ्या अर्ध्या रिकाम्या होत्या. शेजारच्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकणारा आला होता, त्याला हा गाळाही हवाय, भाडं जास्त देतो म्हणतोय. काकांचा मुलगा पुण्यात नोकरीला, तो काही या काउंटरवर बसणार नाही. दिवाळीचा माल नवरात्राच्या आधी भरावा लागतो, निम्मे पैसे आगाऊ पाठवून. वही उघडी होती, पेनाचं टोपण काढलेलं, आणि पानावर नुसती तारीख.

"किती खोके मागवताय?" मी विचारलं.

"तुम्ही किती जण येणार ते सांगा," काका म्हणाले, "तेवढेच मागवतो."